ताबा मिळाला, तक्रार नाही

माझी सून बस डेपोत कंट्रोलर आहे. कंट्रोलर म्हणजे काय हे लोकांना नीट माहीत नसतं, मलाही नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं मुलगी बस चालवते. मी तसं चारचौघांत सांगूनही बसलो, आणि पुढं तीन वर्षं लोक मला थांब्यावर गाठून विचारायचे, तुमच्या सूनबाईंची गाडी आज इतक्या उशिरा कशी. खरं म्हणजे ती काचेच्या खिडकीमागं बसते. कुठली गाडी कधी सुटायची, कुणी न्यायची, वाटेत बिघडली तर तिच्या जागी कुठली पाठवायची, हे सगळं तिच्या हातात. ड्रायव्हर कितीही झुपकेदार मिशांचा असो, त्या खिडकीपाशी आला की आवाज खाली.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिनं सूड उगवला तो डेपोच्या पद्धतीनंच. आणि उगवला कुणावर, तर माझ्या सख्ख्या लेकीवर. बापानं ही गोष्ट खाली मान घालून सांगायला हवी खरी. पण मला ती सांगताना इतकी मजा येते की काय करू.

माझ्या लेकीला आम्ही लहानपणापासून साहेब म्हणतो. सात वर्षांची असताना ती शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरून तिचे सगळे डबे उंचीप्रमाणं लावून आली होती, न विचारता. शेजारीण दोन दिवस साखर शोधत होती. लग्न झालं, घर मोठं मिळालं, दिवस मोकळा मिळाला, आणि साहेबांचा हुद्दा वाढतच गेला. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की हिची नजर आधी कोपऱ्यात जाते, माणसांकडं नंतर.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायची गॅलरी. राहणारे पाच: मी, मुलगा, सून आणि दोन नाती, थोरली अकराची, धाकटी सहाची. मुलगा चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांच्या डोळ्यांना भिंगं लावतो आणि घरी आल्यावर स्वतःच्या पायाखालचा मोजा त्याला दिसत नाही. तेव्हा घर कसं असेल ते समजून घ्या. खुर्चीवर कपडे, कपड्यांवर दप्तर, दप्तरावर माझं वर्तमानपत्र. सून आठ तास खिडकीमागं बसून यायची आणि मग ओट्यापाशी उभी राहायची.

एका रविवारी साहेब आल्या. सोबत त्यांच्या सासूबाई आणि दोन जावा. चहा झाला. समोरच्या शोकेसच्या काचेवर धूळ होती. असते. साहेब उठल्या, बोट काढलं आणि त्या धुळीत ठळक अक्षरांत लिहिलं: मालकीणबाई रजेवर.

सासूबाई हसल्या, जावा हसल्या. माझा मुलगा हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. माझ्या लेकीचं अक्षर लहानपणापासून सुरेख. सून ट्रे हातात घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. तिनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली, जशी ती उभ्या गाड्यांवरून फिरवते.

आणि त्याच आठवड्यात तिला मुख्य कंट्रोलरची जागा देऊ केली होती. तीन महिन्यांनी चार दिवसांचं प्रशिक्षण, ते पार पाडलं की जागा तिची. पाळी मात्र पहाटे पाचची. ही बातमी ती त्या रविवारी सांगणार होती. सांगितलीही, ट्रे खाली ठेवून. साहेब म्हणाल्या, आधी काच पुसायला वेळ काढ, मग मुख्य हो. माझ्या मुलानं मान डोलावली आणि स्वतःला फार शहाणा समजून तोडगा काढला, की ताईनं घर ठीक आहे असं म्हटलं की खुशाल घे जागा.

सून म्हणाली, "ठीक आहे."

ती ठीक आहे म्हणाली की डेपोतली माणसं खुर्चीतून उठून आपापल्या कामाला लागतात. आम्ही मेले बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाजेकाजेस्तव फडकं घेऊन शोकेसपाशी गेलो. तिनं मला अडवलं. ड्रॉवरमधून पारदर्शक चिकटपट्टी काढली आणि त्या अक्षरांवरून सरळ लावून टाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाली, बाबा, हे राहू दे. पुढं आमच्याकडं येणारा प्रत्येक माणूस विचारायचा हे काय, आणि ती सांगायची, ताईंनी लिहून दिलंय. मुलाला रोज जेवताना ती ओळ समोर दिसायची. तो खुर्ची फिरवून बसायला लागला. मला बरं वाटायचं, आणि मग आठवायचं की मीही हसलो होतो.

पण डूख धरून घर आवरत नाही. सुरुवातीला तिनं चूक केली, बायका करतात तीच. सगळं घर रोज घासायला घेतलं. फरशी, काचा, नळ, पंख्याची पाती. नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी खिडकीमागं तिला डुलकी लागली आणि जागी होताच तिनं माइकवर एकच गाडी दुसऱ्यांदा सुटत असल्याचं जाहीर केलं. लोक पिशव्या घेऊन रिकाम्या फलाटाकडं धावले. त्या संध्याकाळी ती घरी आली ती दात ओठ खात, पण स्वतःवर.

डेपोत गाड्या धुणाऱ्या बायकांची एक मुकादम आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. हाताखाली पाच जणी आणि गाड्या चाळीस. सून बारा वर्षं खिडकीतून तिला बघत होती आणि कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, मावशी, चाळीस गाड्या रोज कशा धुता.

मावशी म्हणाली, "चाळीस कोण धुतंय? रोज पाच धुते. बाकीच्या पस्तीस झाडून सोडते. त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही."

आणि पुढं म्हणाली, धुवायला कुणीही शिकतं, न बघायला शिकायला मला चार वर्षं लागली.

सून त्या दिवशी घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. एखाद्याला हरवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडावी तसा. तिनं डेपोच्या कागदावर घराचं वेळापत्रक काढलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावलं. तुम्हाला वाटेल भलं मोठं असेल. पोस्टकार्डावर मावेल एवढं होतं.

रोज एकच जागा धुवायची, वीस मिनिटं, घड्याळ लावून. सोमवारी ओटा, मंगळवारी न्हाणीघर, असं फिरत फिरत. बाकी घराला फक्त झाडू. बुधवारी न्हाणीघरात डाग दिसला तर तो मंगळवारचा आहे, त्याच्याकडं बघायचं नाही. मुलगा यात पहिल्या दिवसापासून पटाईत निघाला, न बघण्याचा सराव त्याला आधीचाच होता. पण पुढचा नियम ऐकून त्याचा चेहरा उतरला.

डेपोत रिकामी फेरी हा मोठा गुन्हा. गाडी कुठं चाललीच आहे तर काहीतरी घेऊन जायला हवी. तर घरातही रिकामी फेरी बंद. खोलीतून स्वयंपाकघरात निघालात, हातात कप. स्वयंपाकघरातून खोलीत, हातात वाळलेले कपडे. मुद्दाम आवरायला उठायचं नाही, उठलातच तर रिकाम्या हातानं चालायचं नाही. धाकटीला हा खेळ इतका आवडला की ती दारात उभी राहून तपासणी करायची. एकदा मी घाईत न्हाणीघराकडं निघालो होतो. तिनं मला अडवलं आणि हातात आईची चप्पल दिली. आता न्हाणीघरात चप्पल नेऊन मी काय करू? पण नेली, बाबा. तिथून साबणाचा रिकामा डबा परत आणला, तेव्हा सुटका झाली.

आणि शेवटी ताबा. पाळी बदलताना डेपोत जाणारा माणूस येणाऱ्याला गाडीचा ताबा कागदावर देतो: अमुक ठीक, अमुक नादुरुस्त, खाली दोघांच्या सह्या. तसं जेवणं झाली की दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं. बेसिन रिकामं, टेबल मोकळं, दप्तरं दारापाशी. सकाळच्या पाळीला घाणेरडी गाडी द्यायची नाही. सकाळच्या पाळीला तीच असायची, हे वेगळं. थोरली वहीत ताबा लिहायची आणि मुलगा सही करायचा.

महिन्याभरात घर राहण्याजोगं झालं. आरसा झालं असं मी म्हणणार नाही. रोज कुठंतरी काहीतरी मळकं असायचंच, पण त्याचा वार ठरलेला होता. सून संध्याकाळी खुर्चीत बसायला लागली. तिला खुर्चीत बसलेली मी लग्नानंतर प्रथमच पाहत होतो. तिथं बसून ती त्या चिकटपट्टीकडं बघायची. मी एकदा म्हटलं, आता काढून टाक की. ती म्हणाली, अजून गाडी सुटलेली नाही.

प्रशिक्षणाचे चार दिवस जवळ आले. ते दुसऱ्या गावी होतं. सुनेनं स्वतः साहेबांना फोन केला आणि इतक्या मवाळ आवाजात बोलली की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ताई, चार दिवस मी नाही, तुमच्याशिवाय कोण आहे, घर कसं ठेवतात ते मुलींनाही कळेल. साहेब विरघळल्या. म्हणाल्या, चार दिवसांत तुझं घर असं करून दाखवते की तुलाच ओळखू येणार नाही. सून म्हणाली, तेच हवंय.

आदल्या संध्याकाळी साहेब बॅगेसकट हजर झाल्या. आल्या आल्या शोकेस दिसली. सगळी काच लख्ख आणि मधोमध पट्टीखाली स्वतःचंच अक्षर. लेकीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी तेव्हा पाहिल्या. ती म्हणाली, हे काय खूळ. सून म्हणाली, तुमचं अक्षर छान आहे म्हणून ठेवलं. साहेबांनी नखानं पट्टी उचकटली, चुरगळली आणि केराच्या डब्यात टाकली. सुनेनं डब्याचं झाकण अदबीनं धरून ठेवलं होतं.

मग तिनं ताब्याचा कागद पुढं केला. एक एक खोली दाखवते, वाचून सही करा, म्हणाली. साहेब म्हणाल्या, मला नको तुझा डेपो इथं, आण तो कागद. टेबलावर ठेवून फर्रकन सही ठोकली. मी शेजारीच होतो, मी वाचला. लिहिलं होतं: घर स्वच्छ आणि सुस्थितीत मिळालं. ताबा घेतला. तक्रार नाही. खाली तारीख आणि माझ्या लेकीची सुरेख सही. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुनेनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड मिटलं. सांगितलं ना, मलाही एक हसू फेडायचं होतं.

कागदाची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली. दारावरचं वेळापत्रक काढलं, तेही ठेवलं. जिन्यात आम्हा सगळ्यांना बोलावून म्हणाली, आत्या सांगेल ते सगळं करायचं, उलट उत्तर द्यायचं नाही. पण सांगेल तेवढंच. त्याच्या पलीकडं काडी उचलायची नाही.

मुलगा म्हणाला, हे जरा जास्तच होतंय. ती म्हणाली, तू काही वेगळं करायचं नाहीयेस, तीन महिन्यांपूर्वी होतास तसा वाग.

पहिल्या दिवशी साहेबांनी घर खरोखरच आरसा केलं. खोटं बोलणार नाही, माझी लेक कामाला वाघ आहे. सकाळी सहापासून दिवे लागेपर्यंत बसली नाही. पडदे धुतले, कपाटं ओढून मागची भिंत पुसली. त्यात मुलींचे शाळेचे गणवेशही धुतले गेले, चारही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली ओले गणवेश इस्त्रीखाली धरून रडवेल्या. मुलाचा डबा झाला नाही, कारण ओटा घासायला काढला होता. त्याच दिवशी पुन्हा सगळं घर, कारण साहेबांच्या हिशेबानं कालचं घर आज शिळं. आणि आम्ही चौघं कप ठेवत होतो जिथं प्यायलो तिथं. साहेबांना दुसऱ्याच्या हातचं काम पटत नाही, त्यामुळं त्या कुणाला काही सांगतच नव्हत्या.

रिकाम्या हातानं चालणं किती कठीण असतं ते मला त्या चार दिवसांत कळलं. हाताला सवय लागलेली. मी कप घेऊन निम्म्या वाटेवर जायचो, धाकटी डोळे वटारायची, मी परत येऊन कप होता तिथं ठेवायचो. तिनं या खेळाचे नियम उलटे करून घेतले होते आणि तपासणी पूर्वीसारखीच कडक.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब गॅलरीत बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या, कंबरेला हात लावून. डोळे ओले होते. बापाचा जीव आहे, मला राहवेना. मी टेबलावरची दोन ताटं उचलली आणि बेसिनकडं निघालो. तेवढ्यात ती मागून म्हणाली, "बाबा, तिनं तुम्हालासुद्धा कामाला जुंपलंय का हो? नोकरीची हौस हिची, आणि म्हातारे खस्ता खातायत."

मी वळलो, दोन्ही ताटं होती त्या जागी ठेवली आणि वर्तमानपत्र उघडलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सून आली. बेसिन वरपर्यंत भरलेलं, खुर्चीवर कपडे, कपड्यांवर दप्तर. मुलगा टेबलाच्या एका कोपऱ्यात जागा करून ब्रेड खात होता. साहेब पलंगावर, पाठीला गरम पाण्याची पिशवी. सून चपला काढून जागेवर ठेवून आत आली, बॅग न उघडता उभी राहिली आणि म्हणाली, ताई, ताबा द्या.

साहेबांचा बांध फुटला. हे घर आहे की काय आहे, कुणी हलत नाही, तुझा नवरा असा, पोरी अशा, बाबा तसे, पहिल्यापासूनच हे घर बिघडलेलं आहे. सुनेनं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. पर्समधून कागद काढला, घडी उलगडून नवऱ्यापुढं ठेवला आणि त्यालाच मोठ्यानं वाचायला लावला. तो वाचायला लागला, आणि सुस्थितीत या शब्दाशी थांबून त्यानं ताईकडं पाहिलं. तिनं पुढचंही वाचायला लावलं.

मग ती नणंदेला म्हणाली, "ताई, ही सही तुमची. घर मी दिलं तेव्हा स्वच्छ होतं, तक्रार नव्हती. मग हा बिघाड कुणाच्या पाळीत झाला?"

 साहेबांच्या पाठीखालची पिशवी सरकली, ती त्यांनी उचलली नाही. सून नवऱ्याकडं वळून म्हणाली, ताईनं ठीक म्हटलं की घे असं तू म्हणाला होतास, ताईनं लिहून दिलंय. पाच तारखेपासून माझी पहाटेची पाळी.

तो म्हणाला, घे ना, मी कुठं नाही म्हटलं. ती म्हणाली, विचारत नाहीये.

इथं दुसरी कुणी थांबली असती. तिनं त्या कागदाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, वर एक अक्षर न लिहिता. त्या ग्रुपवर साहेबांच्या सासूबाई आहेत, दोन्ही जावा आहेत. त्यातल्या थोरल्या जावेनं विचारलं, मग त्या दिवशी काचेवर काय लिहिलं होतंस गं? साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. बॅग मी खाली नेऊन दिली. जिना उतरताना ती मला म्हणाली, बाबा, तुम्ही वाचला होतात ना तो कागद? मी म्हटलं, चष्मा नव्हता.

आठ महिने साहेब आमच्याकडं फिरकल्या नाहीत. मग एके दिवशी फोन आला, आणि तो माझ्याकडं. साहेबांची मुलगी, म्हणजे माझी मोठी नात, बाळंतपणाची रजा संपवून दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीवर परत निघाली होती. घर, बाळ, नोकरी, पोरीच्या नाकी नऊ आले होते. साहेब महिनाभर तिच्याकडं राहून रोज सगळं घर घासून देत होत्या, आणि शेवटी पोरीनंच हात जोडून सांगितलं होतं, आई, तू जा. तर बाबा, ते वेळापत्रक जरा मागून द्याल का, मी मागितलं असं सांगू नका.

मी सुनेला सांगितलं, त्यांनी मागितलं असंच सांगितलं. ती म्हणाली, चौकशीची खिडकी सकाळी सहा ते दोन उघडी असते.

साहेब डेपोत आल्या. त्यांची लेक आणि बाळही बरोबर. मीही गेलो, असला देखावा मी सोडतोय होय? खिडकीपुढं चौदा माणसं होती. साहेब बाजूनं पुढं जायला लागल्या, तशी माइकवरून सून म्हणाली, रांगेनं या. शांतपणे म्हणाली, सगळ्यांना म्हणते तशी. माझी लेक पंधराव्या जागी उभी राहिली. मधेच दोन गाड्या सुटायच्या होत्या, खिडकी वीस मिनिटं बंद झाली. साहेब उभ्याच.

नंबर आला तेव्हा साहेबांनी घसा साफ करून सांगितलं, हिच्यासाठी हवं होतं. सून म्हणाली, "जिला हवंय तिनं आत यावं. बाकीच्यांनी बाकावर बसावं."

नात बाळाला घेऊन आत गेली. काचेतून दिसत होतं: सुनेनं तिला स्वतःची खुर्ची दिली, बाळ गाड्या धुणाऱ्या मावशीच्या मांडीवर गेलं, चहा आला. सून कागदावर काही काढत होती, समजावत होती, आणि पोरगी किती दिवसांनी कोण जाणे, हसत होती. दोघींची डोकी जवळ आलेली. कागद पोस्टकार्डाएवढाच होता, पण सून त्याला फार वेळ लावत होती. मुद्दाम. मला कळत होतं, आणि साहेबांनाही.

आम्ही दोघं बापलेक उतारूंच्या बाकावर. साहेबांनी सवयीनं आधी बाकाखाली पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं. धूळ होती.  त्या पर्स मांडीवर घेऊन तशाच बसल्या. बऱ्याच वेळानं मला विचारलं, अजून किती वेळ लागेल हो आत?

मी म्हटलं, सांगता येत नाही बाई. नेमकं कधी ते इथं माइकवर सांगतात, तोवर बसायचं.